दाढी येईपर्यंत

नाक्यावरच्या चहाच्या दुकानात तीन झुल्कुफ बसत. एक लंगडा झुल्कुफ, एक भट्टीवाला झुल्कुफ आणि एक कोसे झुल्कुफ. कोसे म्हणजे ज्याच्या गालांवर काही उगवत नाही तो. हे नाव कुणी आकसाने ठेवलं नव्हतं. तिघांत घोळ होऊ नये म्हणून ठेवलं आणि ते चिकटलं. चौतिशीतल्या या माणसाचा चेहरा सोललेल्या अंड्यासारखा होता. वरच्या ओठावर थोडी लव, हनुवटीखाली मोजके केस, तेही एकमेकांशी भांडण असल्यासारखे लांब लांब उभे.

आणि पोट भरायचं ते केसांवरच. इस्तंबूलच्या शिश्ली भागात टकलावर केस लावून देणाऱ्या एका दवाखान्याची गाडी तो चालवायचा. सकाळी विमानतळावर नावाची पाटी धरून उभं राहायचं. कुवेतहून नाहीतर नापोलीहून आलेला टकला माणूस हॉटेलात सोडायचा. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात, आणि संध्याकाळी डोक्याला काळी पट्टी बांधलेला, कपाळ सुजलेला तोच माणूस परत हॉटेलात. दाढी लावून घेणारेही असत. ते मागच्या सीटवर मान ताठ धरून बसत. गालांवर लाल ठिपके पेरलेले. गाडीला हिसका बसला की डोळे मिटत. झुल्कुफ त्यांच्यासाठी खड्डे चुकवत चालवायचा. आरशात त्यांच्याकडे एकदा बघायचा आणि नजर रस्त्यावर आणायचा.

"तुला का नाही लावून दिली रे?" चहाच्या दुकानात एखादा हमखास विचारायचा.

"माझा नंबर शेवटी आहे," तो म्हणायचा.

आई जाईपर्यंत त्याला हे हसून म्हणता येत होतं.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांच्यात घरात मरण झालं की पुरुष वस्तऱ्याला शिवत नाहीत. चाळीस दिवस दाढी वाढते. ना कुणाच्या लग्नाला जायचं, ना घरात गाणं लावायचं. चाळिसाव्या दिवशी घराण्यातला मोठा माणूस न्हाव्याला घेऊन येतो, सगळ्यांना ओळीने बसवतो, दाढ्या करवतो, तेव्हा दुखवटा उतरतो. दियारबाकिरच्या डोंगरातून ही माणसं इस्तंबूलच्या एसेनलेरमध्ये येऊन तीस वर्षं झाली. डोंगरातलं बरंच काही मागे राहिलं. हे राहिलं नाही.

मोहल्ल्याच्या दुखवट्याच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. लोक येत, फातिहा म्हणत, तोंडावरून हात फिरवत, कडू कॉफीचा घोट घेत. नवा आलेला माणूस दाढ्यांवरूनच ओळखायचा, मुलगा कोण, पुतण्या कोण आणि नुसता शेजारी कोण. भाऊ रमजानच्या गालांवर आठवड्यात काळं रान माजलं. वडलांच्या गालांवर पांढरं. मधे झुल्कुफ. लोक रमजानचा हात धरत, वडलांच्या खांद्याला खांदा लावत आणि त्या दोघांमधल्या गुळगुळीत माणसाला ओलांडून जात. दोनदा तर कुणी त्यालाच म्हणालं, "पोरा, इकडे कॉफी आण."

त्याने आणून दिली.

चाळिसाव्या दिवशी हाजी तोफिक इसा न्हाव्याला घेऊन आले. हाजी वडलांचे चुलतभाऊ, घराण्यात सगळ्यांत मोठे. इसाने रमजानची दाढी केली, चुलतभावांची केली आणि साबणाचा ब्रश घेऊन झुल्कुफपुढे येऊन थांबला. त्याने हाजींकडे पाहिलं. हाजींनी हात हलवला. "याला राहू दे. याच्यावर काय आहे करायला."

कुणीतरी हसलं. चाळीस दिवसांतलं ते पहिलं हसू होतं, त्यामुळे बाकीचेही हसले. झुल्कुफही हसला. वडील हसले नाहीत.

त्या चाळीस दिवसांत त्याला एकदाही रडू आलं नव्हतं. गळ्यापर्यंत यायचं आणि तिथेच दगड होऊन बसायचं. लोकांनी त्याच्या तोंडाकडे बघून काय ठरवलं असेल, हे त्याच्या मनातून जाईना. हॉलच्या दारात एक बाई दुसरीला म्हणाली होती, "धाकट्याला काही वाटलेलं दिसत नाही." ती हळू बोलली होती. पण काही गोष्टी हळू बोलल्यानेच लांबवर ऐकू येतात.

मग या हिवाळ्यात वडलांची छाती बिघडली.

वडील, बेदरी उस्ता, म्हणजे बेदरी मिस्त्री, जन्मभर बांधकामावर. सिमेंटची पोती आणि तंबाखू, दोन्ही छातीत साठलेलं. जानेवारीत त्यांना छातीच्या इस्पितळात ठेवावं लागलं. परत आले ते प्राणवायूचं मशीन घेऊन. रमजानच्या घरात, बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी दिवाणावर त्यांची जागा. मशीन दिवसभर घुरघुरायचं. दारात पाऊल टाकल्यावर झुल्कुफ आधी मशीनचा आवाज ऐकायचा, मग त्याखालचा श्वासाचा. दोन्ही मिळाले की बूट काढायचा.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि रमजानला बाजूला घेतलं होतं. "जपा," त्या म्हणाल्या. "पुढचा हिवाळा जड जाईल."

रमजान तिथेच भिंतीला टेकून रडला. झुल्कुफच्या डोक्यात वेगळंच आलं. त्याला खुर्च्यांची ओळ दिसली. त्यात बसलेला तो. येणाऱ्याजाणाऱ्यांनी ओलांडलेला. या वेळी मधे बसलेलाही नव्हे, कारण पलीकडे बसायला वडील नसतील. आपल्या डोक्यात पहिलं हेच आलं, याची त्याला इतकी भीती वाटली की पायऱ्या उतरताना त्याने कठडा घट्ट धरला.

दवाखान्यात केस लावण्याचं काम सोनगुल करायची. मूळची त्राबझोनची, पन्नाशीची, हातात चिमटा घेतला की तोंड सुरू होणारी. सगळे तिला आबला म्हणत, ताई म्हणावं तसं. डॉक्टर सकाळी येऊन चिरा देऊन जात. एकेक केस त्या चिरेत बसवत तासन्तास वाकून राहायची ती सोनगुल आबला.

"झुल्कुफ," ती एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाली, "मालक म्हणतोय, आपला ड्रायव्हरच असा सफाचट, गिऱ्हाईक गाडीत बसतानाच घाबरतं. तुझी फुकट करून देतो म्हणतो. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, बस."

"मला नको."

"हलवायाच्या घरी राहून उपाशी मरणारा माणूस तू."

"आबला, दुखतं का?"

"म्हणजे हवीय," सोनगुल म्हणाली.

त्याने मसुराच्या सूपमध्ये पाव बुडवला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. पावाचा लगदा वाटीत पडला. मग त्याने विचारलं, "यायला किती दिवस लागतात?"

"दिवस? आज लावली की महिन्याभरात लावलेले केस गळतात. सगळे घाबरतात तेव्हा. मुळं आत राहतात. तीन-चार महिन्यांनी खरे केस वर येतात. आधी बारीक, वाकडेतिकडे. नीट भरलेली दाढी म्हणशील तर वर्ष धर."

"वर्ष."

"का, लग्न आहे कुणाचं?"

तो उठला आणि गाडी पुसायला गेला. गाडी स्वच्छच होती. पुसता पुसता तो महिने मोजत होता. आज लावली तर पुढच्या हिवाळ्यात येते. पुढचा हिवाळा जड जाईल असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. म्हणजे बसतं. हे 'बसतं' त्याच्या मनात अगदी सहज आलं, सामान डिकीत बसतं तसं. त्याने फडकं बादलीत टाकलं.

घरी बायकोला, नाझेला, त्याने दोन दिवसांनी सांगितलं. ती मिरच्या निवडत होती.

"मला कधी अडली नाही तुझी दाढी," ती म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही."

"माहीत आहे." तिने मान वर केली नाही. "झुल्कुफ, तुला दाढी हवीय की बाबा गेल्यावर तुझ्या तोंडावर लोकांना काहीतरी दिसायला हवंय?"

"तसं बोलू नको."

"मी बोलत नाहीये. तू मनात बोलतोयस, ते मी ऐकतेय."

त्याने समोरची एक मिरची उचलली. मग म्हणाला, "समज लावली. आणि ते लवकर गेले. गालांवर खपल्या. नाहीतर खपल्या गेलेल्या आणि केसही गळलेले. लोक म्हणतील, बाप खाटेवर आणि हा तोंड रंगवत बसला होता."

"म्हणतील."

"आणि नाही लावली तर?"

"तर कॉफी आणायला सांगतील." मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटलं असावं. तिने मिरच्यांची परात बाजूला सारली. "हात दाखव. गार पडलेत बघ किती."

सोनगुलने मधेच एक उद्योग केला. तिच्या फोनमध्ये चेहऱ्यावर दाढी चढवून दाखवणारं काहीतरी होतं. गिऱ्हाइकांना ती ते दाखवायची. झुल्कुफचा एक फोटो तिने त्यात घातला आणि त्याला पाठवून दिला. खाली लिहिलं, 'हा कोण पाशा आहे, ओळख.' झुल्कुफने तो फोटो पाहिला आणि फोन खिशात घातला. पुसून टाकायचा असं ठरवलं. टाकला नाही. लाल दिव्याला गाडी थांबली की काढून बघायचा.

रविवारी तो वडलांकडे गेला. रमजान आणि त्याची बायको बाजारात गेली होती. म्हातारा खिडकीशी बसला होता, नाकात नळी, जिभेखाली साखरेचा खडा, हातात काळा चहा.

"झुलो, तुझ्या पोरीची चित्रफीत दाखव बरं. ती नाचतेय ती."

झुल्कुफने फोन दिला आणि मशीनमधलं पाणी बदलायला वाकला. म्हाताऱ्याच्या जाड बोटाने पडद्यावर काय दाबलं कोण जाणे. बराच वेळ काही आवाज आला नाही.

"हा माझा बाप इथे कुठून आला?" बेदरी उस्ता म्हणाले.

झुल्कुफने मान वळवली. वडलांनी फोन हात लांब करून धरला होता. पडद्यावर दाढीवाला झुल्कुफ.

"तो मी आहे, बाबा. खोटा आहे. दवाखान्यातल्या बाईने गंमत केली."

"नाक माझ्या बापाचं. डोळे तुझ्या आईचे." म्हाताऱ्याने फोन जवळ घेतला, पुन्हा लांब नेला. "तुमच्या इथे हे खरं करून देतात ना?"

"देतात."

"तू करणार आहेस?"

खोटं बोलायचं तर आत्ताच, हे त्याला कळत होतं. पण मशीन थांबून थांबून घुरघुरत होतं आणि त्या आवाजापुढे त्याला काही सुचेना. "विचार करतोय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"इस्पितळातून आलात तेव्हापासून."

साखरेचा खडा वडलांनी या गालातून त्या गालात नेला. झुल्कुफचे कान तापले. आता हे म्हणतील, मी मरायची वाट बघतोयस. म्हणतील आणि ते खरं असेल. त्याला वाटलं, खिडकी उघडावी. वाटलं, रमजान यावा. दारावर कुणीतरी यावं, कुणीही.

"किती दिवसांत येते?" वडलांनी विचारलं.

"वर्ष लागतं."

"पुरं वर्ष?"

"नीट भरायला वर्ष."

म्हाताऱ्याने चहा संपवला. पेला बशीत उलटा ठेवला. "बरं," ते म्हणाले. "तेवढं थांबतो मी."

"बाबा."

"काय बाबा? तुझ्या आईच्या चाळिसाव्याला त्या तोफिकने काय केलं ते मी बघत होतो. घशात आलं होतं माझ्या, याला पण साबण लाव म्हणावं. बोललो नाही. मोठा माणूस, सगळ्यांसमोर. दोन वर्षं ते घशात आहे. डॉक्टर म्हणतात धूळ आहे." त्यांना खोकला आला. तो ओसरेपर्यंत झुल्कुफ उभाच राहिला. "तू लाव. मी वर्ष काढतो. मग बसा दोघं भाऊ, दाढ्यांनी तोंडं काळी करून."

झुल्कुफला हलकं वाटलं. खरंच वाटलं. गाडीतून घरी जाताना तो गाणं गुणगुणत होता. नाझेलाही म्हणाला, बाबांनीच सांगितलं, आता काय. ती म्हणाली, "मग लाव." सोनगुलने पुढच्या आठवड्यातला मंगळवार दिला.

त्या आठवड्यात बेदरी उस्तांमध्ये फरक पडला. ते जेवू लागले. सुनेला म्हणाले, दही घाल आणखी. वेळेवर गोळ्या मागून घेऊ लागले. रमजान खूश झाला. "तू काय जादू केलीस रे?" त्याने फोनवर विचारलं. झुल्कुफने सांगितलं नाही.

मग शनिवारी त्यांनी हाजी तोफिकना बोलावून घेतलं. झुल्कुफ पोचला तेव्हा दोघं म्हातारे समोरासमोर बसले होते. वडलांनी मनगटावरचं घड्याळ काढून रमजानच्या हातात ठेवलेलं होतं. रमजान ते धरून वेड्यासारखा उभा होता.

"गावाकडे," वडील हाजींना सांगत होते. "बायकोच्या कबरीच्या उजवीकडे जागा आहे. तिथे अक्रोडाचं मूळ आडवं आलंय, ते आत्तापासून तोडायला सांगा. ऐन वेळेला खणणाऱ्याला त्रास नको. शेवटची आंघोळ तुम्ही घाला. इमाम नवीन आहे, पाणी गार वापरतो म्हणतात."

"बेदरी, काय हे भलतंच," हाजी म्हणाले.

"भलतं नाही. तारीख ठरलीय." वडलांनी झुल्कुफकडे बोट केलं. चेहऱ्यावर हसू होतं, देणं फेडायला निघालेल्या माणसाचं असतं तसं मोकळं. "धाकटा मंगळवारी दाढी लावून घेतोय. ती आली की मी सुटलो."

हाजी हसले. रमजानही नाइलाजाने हसला. "केको, पाणी दे रे," झुल्कुफ थोरल्या भावाला, रमजानला, म्हणाला आणि पाणी यायच्या आत बाहेर जिन्यात जाऊन बसला. वडील थांबतो म्हणाले, तेव्हा त्याने फक्त 'थांबतो' ऐकलं होतं. कुठपर्यंत, ते आज ऐकलं.

बेदरी उस्ता बोललेलं पाळणारा माणूस होता. अमुक दिवशी छत टाकतो म्हटलं की पावसात, तापात टाकलेलं असायचं. एकदा बोट चिरलेलं असताना फडकं बांधून टाकलं होतं. वर्ष म्हणाले तर वर्ष. आणि ते पुरं झालं की पोतं खाली ठेवल्यासारखं श्वास खाली ठेवतील. झुल्कुफला याबद्दल तिळभरही शंका वाटेना. हे खुळेपणाचं आहे, श्वासाला असं सांगून चालत नाही, हे त्याला कळत होतं. रोज दवाखान्यात वावरणारा माणूस तो. पण भीतीला ते कळत नव्हतं.

मंगळवारी तो गेला. जायचं ठरलं होतं म्हणून गेला. घरून निघताना नाझेने विचारलं, "खरंच?" त्याने खांदे उडवले.

सोनगुलने त्याला खुर्चीत बसवलं. आधीचे फोटो काढले, समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग जांभळ्या पेनने गालांवर रेघ ओढली. कानापासून खाली, जबड्यावरून, हनुवटीपाशी वळवून वर. आरसा पुढे धरला.

"गोल ठेवू की थोडी टोकदार?"

"तू बघ."

"वडलांची कशी आहे? तशी ठेवते. घरातलीच वाटायला हवी."

तिने त्याला पालथं झोपवलं आणि मानेवरचे केस मशीनने बारीक केले. केस तिथून काढायचे होते. टाळूपर्यंत गार हवा लागली. त्याचा चेहरा खाटेच्या भोकात होता. खाली फक्त फरशी आणि सोनगुलच्या पांढऱ्या चपला.

"आता टोचणार हं," ती वरून बोलत होती. "पहिली पाच मिनिटं शिव्या देशील मला, मग काही कळणार नाही. घरी गेल्यावर उताणं झोपायचं. तोंड धुवायचं नाही मी सांगेपर्यंत. आणि आजची तारीख लिहून ठेव कुठेतरी. सगळे लिहितात. आजपासून मोजायला लागायचं."

चपला जवळ आल्या. ट्रेमध्ये काहीतरी वाजलं.

"आबला, थांब."

"अजून लावलीच कुठे."

"थांब म्हणतो ना." तो कोपरावर उठला.

सोनगुलने सुई मागे घेतली. "घाबरलास? रोज दहा माणसं आणून सोडतोस माझ्यापुढे."

"सुईला नाही घाबरलो."

"मग?"

"बाबा म्हणालेत, दाढी येईपर्यंत थांबतो."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "बरं. चांगलं आहे की. माणसाला हुरूप लागतो कशाचा तरी."

"ती येईल, आबला," झुल्कुफ म्हणाला. "तू लावलेली सगळ्यांचीच येते."

सोनगुलने सुई ट्रेमध्ये ठेवली. हातमोजे काढले. तिचे वडील कधी गेले, कसे गेले, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. खिडकीपाशी जाऊन ती थोडा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "मालकाला काय सांगू? फोटो काढून झालेत."

"रक्तदाब वाढला सांग."

"कुणाचा?"

"माझा."

तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला आणि आकडा बघून भुवया वर केल्या. "खोटं सांगायची गरज नाही," ती म्हणाली. "पाणी पी. लगेच गाडी चालवू नको."

तरी तो लगेच निघाला. नाझेकडे गेला नाही. मान अर्धी भादरलेली, गालांवर जांभळी रेघ, अशा अवताराने रमजानच्या घरचे जिने चढला. मधल्या मजल्यावर एक शेजारीण भेटली, ती भिंतीला चिकटून उभी राहिली.

दाराशी त्याने कान दिला. मशीन. त्याखाली श्वास. त्याने बूट काढले.

बेदरी उस्ता वाट बघत बसले होते. स्वच्छ सदरा घातला होता. "ये," ते म्हणाले. "उजेडात ये. झालं?"

"नाही झालं."

"मग हे काय काढलंय तोंडावर?"

"रेघ आहे. रक्तदाब वाढला. आज नको म्हणाले."

"मग कधी?"

"सांगतील."

"सांगतील म्हणजे? पुढच्या मंगळवारी?"

"नाही. औषध घ्यायला लागेल आधी. मग बघतील."

म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. रेघ जिथे वळत होती तिथे, हनुवटीपाशी, नजर थांबली. झुल्कुफला बापासमोर खोटं कधीच जमलं नव्हतं. लहानपणी तो फार तर दोन उत्तरं टिकायचा. आता तीन झाली होती.

"झुलो, मी अक्रोडाचं मूळ तोडायला सांगितलंय."

"नका तोडू म्हणून मी रात्री फोन करतो गावाकडे."

"आणि घड्याळ?"

"केकोकडून परत घ्या. तुम्हाला गोळ्यांची वेळ बघायला लागते."

मशीन घुरघुरलं. रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, दुसरा कुणी ओरडून वाट सांगत होता, घे, घे, आणखी घे. बेदरी उस्ता ऐकत बसले. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते शनिवारचं मोकळं हसू कुठेच नव्हतं. त्या जागी रोजचा दमलेला, वैतागलेला म्हातारा होता. तो बघून झुल्कुफच्या छातीतलं काहीतरी जागेवर आलं आणि त्याच वेळी त्याला लाजही वाटली. दमलेल्या माणसाला तो बसू देत नव्हता.

"वर्षभर म्हणालो होतो मी," वडील म्हणाले. "वर्ष काढणं सोपं नाही, तुला काय वाटतं. रात्री छातीवर कुणीतरी बसतं."

"माहीत आहे."

"तुला काही माहीत नाही. आता हे वर्ष सुरू कधी होणार तेही तू सांगत नाहीस."

"नाही."

"मग तोवर मी काय करू?"

झुल्कुफ दिवाणाच्या कडेला बसला. नळी एका बाजूला सरकली होती, ती त्याने वडलांच्या कानामागे नीट अडकवली. बोटांना त्यांच्या गालावरचे पांढरे खुंट लागले, टोचणारे.

"थांबा," तो म्हणाला.

बेदरी उस्तांनी डोळे मिटले. ते रागावले आहेत की नाही, कळेना. "आणि गेलो मधेच, तर?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं. "तिथे बसशील असाच. तोफिक पुन्हा हात हलवेल."

"हलवू दे."

"लोक म्हणतील—"

"म्हणू दे, बाबा."

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. वडलांनी एक डोळा उघडला, त्याच्याकडे पाहिलं आणि मिटला. "लबाड," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "जा, तोंड धू. रमजानची पोरं शाळेतून येतील, घाबरतील बघून."

तो न्हाणीत गेला. साबण लावून गाल चोळू लागला. जांभळा रंग फिका होईना. त्याने आणखी साबण घेतला. कातडी लाल झाली, जळजळायला लागली, रेघ तशीच. बाहेरच्या खोलीत खोकला सुरू झाला. झुल्कुफने नळ बंद केला आणि हात गालांवर तसेच ठेवून उभा राहिला. फेस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. खोकला लांबला, तुटला, पुन्हा लागला आणि संपला. मग काहीच आवाज नाही. नंतर मशीन. त्याखाली, फार बारीक, श्वास.

त्याने नळ सोडला. गालावर एक हात फिरवला आणि पुन्हा बंद करून ऐकलं.